तुझ्या वाट्याच्या ओळी

रविवार, दिनांक नऊ मार्च, सायंकाळी सात वाजून चार मिनिटं.

चि. धाकटीस थोरल्या बहिणीचा आशीर्वाद (रागात असले तरी तो द्यावाच लागतो, वयाचा नाइलाज आहे). वर लिहिलेली वेळ पत्राची नव्हे, गुन्ह्याची आहे. तुझी प्रकृती उत्तम असावी, असं तुझ्या खोकल्यावरून वाटतं. तो पहाटेपासून भिंतीपलीकडून दणदणीत ऐकू येतोय, आणि मौनात खोकला चालतो की नाही याबद्दल तुमच्या नियमांत काही लिहिलेलं दिसत नाही. माझ्या प्रकृतीची चौकशी तू करणार नाहीस, म्हणून मीच सांगते, बरी आहे. एका छपराखाली राहणाऱ्या सख्ख्या बहिणीला पत्र लिहून ते दाराखालून सरकवायची पाळी माझ्यावर येईल, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण मी बोलायला लागले की तू डोळे मिटतेस. कागद मात्र डोळे मिटून वाचता येत नाही, हे बरं आहे.

तर त्या रविवारी मी नेहमीप्रमाणे खिडकीपाशी आपल्या दोन खुर्च्या मांडल्या, घसा साफ केला आणि प्रार्थनेसाठी तुझी वाट पाहत बसले. तू आलीस ती चार मिनिटं उशिरा (तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं), काखेत चटईची गुंडाळी आणि हातात ती टण्णकन वाजणारी पितळी वाटी घेऊन. खुर्चीकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "ताई, मी आता धार्मिक राहिले नाही. मी आध्यात्मिक झालेय." त्यापाठोपाठ चाळीस दिवसांचं मौन जाहीर केलंस, खोलीत गेलीस आणि आतून कडी लावलीस. मी आ वासून बसले. तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू गेलं. ते दूध धार्मिक होतं की आध्यात्मिक हे तुझ्या गुरुजींना विचार. शेगडी मात्र मी पुसली. तीस वर्षं दातांच्या डॉक्टरांच्या हाताखाली राहून तू येणाऱ्याजाणाऱ्याला "तोंड उघडा, अजून उघडा" म्हणत आलीस, आणि निवृत्त झाल्यावर स्वतःचंच बंद केलंस. दैव म्हणतात ते हेच असावं.

ऐकीव गोष्टींवर मत बनवणारी बाई मी नव्हे. म्हणून बुधवारी तुझ्या त्या केंद्रात स्वतः जाऊन आले. टायरच्या दुकानावरचा मजला. जिन्यात चपलांचा असा ढिगारा, की कॉन्व्हेंटातल्या आपल्या मोठ्या मदरनी पाहिला असता तर सगळ्यांना पुन्हा खाली पाठवून एकेक जोडी ओळीत लावायला लावली असती, आणि मगच देवाची गोष्ट काढली असती. आत मंडळी उशांवर बसलेली. तुझे ते गुरुजी (त्यांचं नाव मी मुद्दाम विसरले आहे, चेहऱ्यावर सदैव अर्धं हसू असतं म्हणून मी त्यांना मंदस्मित म्हणते) हळू आवाजात म्हणाले, शरीर विसरा. मी विसरायला तयार होते, पण माझा उजवा गुडघा मला विसरायला तयार नव्हता. शेजारचे एक गृहस्थ थोड्याच वेळात घोरू लागले. मंदस्मित कौतुकाने म्हणाले, हे फार खोल गेलेत. शाळेत मी प्रार्थनेच्या वेळी असंच खोल गेले होते, तेव्हा मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. काळाच्या पुढे असण्याची शिक्षा, दुसरं काय!

शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. मी हात वर केला. "धर्म आणि अध्यात्म यांत फरक काय, ते एका वाक्यात सांगा."

मंदस्मितांना बहुधा हाच प्रश्न हवा होता. म्हणाले, "ताई, धर्म म्हणजे नकाशा आणि अध्यात्म म्हणजे प्रवास."

"अहो, मी बस डेपोत वेळापत्रक लावण्यात उभा जन्म घालवलाय," मी म्हटलं. "मार्ग न बघता प्रवासाला निघालेली गाडी कुठे सापडते, माहितीये? नाल्यात. आणि चालक सांगतो, मला आतून तसं वाटलं."

दोघंतिघं खुसखुसले. घोरणारे जागे झाले. मंदस्मित मात्र ढळले नाहीत. "ताई, तुमच्यात फार राग साठलाय."

"साठलाय ना. वाया जाऊ देत नाही मी काही."

असो. शुक्रवारचं प्रकरण तर तुझ्याच डोळ्यांदेखत घडलं, पण तू तेव्हा दुसऱ्याच कुठल्या लोकात होतीस, म्हणून लिहून कळवते. मी बाजारात गेले होते. न्हाणीघरातला ठिबकणारा नळ बघायला प्लंबर आला. त्याने तुला विचारलं, कुठे गळतंय? तू काय केलंस, तर डोळे मिटून छातीवर हात ठेवलास. तो बिचारा पाना टाकून धावत खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? तू हसलीस. कधीपासून होतंय? तू आणखी हसलीस. मी पिशव्या घेऊन दारात पोचले, तेव्हा तू कोचावर आडवी, प्लंबर तुला वर्तमानपत्राने वारा घालतोय आणि डॉक्टर ईसीजीची चिठ्ठी लिहिताहेत, असा देखावा होता. माझ्या काळजात काय झालं ते मी इथे लिहिणार नाही (लिहिलं तर तुला आनंद होईल). पिशवीतले टोमॅटो जिन्यातून खाली गेले, एवढंच सांगते. एक शब्द, धाकटे! "नळ" एवढा एक शब्द बोलली असतीस, तर तुझ्या आत्म्याच्या प्रगतीला अशी काय खीळ बसणार होती? प्लंबर जो गेला तो परत यायला तयार नाही. त्या घरात बाईमाणसाला झटके येतात, असं तो सगळीकडे सांगत फिरतोय. सध्या या घरात बोलतो तो फक्त नळ.

आता मुद्द्याचं. आपली प्रार्थना आईने स्वतः जुळवली होती. कुठल्या पुस्तकात ती नाही. आपण ती एकदमच म्हणायचो आणि आधी कोण संपवते याची शर्यत लावायचो, म्हणून तिने वैतागून ओळी वाटून दिल्या. एक ओळ थोरलीची, एक धाकटीची, आणि एक बोलत असताना दुसरीने तोंड मिटायचं. म्हणजे मौन काही तुझ्या मंदस्मितांनी शोधून काढलेलं नाही. आपण लहानपणापासून पाळतोय, एक ओळ सोडून एक.

शिलाई मशीन कुणाकडे राहणार यावरून आपलं वाजलं होतं, आठवतं? किती दिवस तू माझ्याकडे मीठसुद्धा मागत नव्हतीस, ताटावरून उठून घ्यायचीस. पण सात वाजले की दोघी फुगलेल्या तोंडांनी खुर्च्यांवर येऊन बसायचो, एक ओळ माझी, एक तुझी. भक्ती? नावालाही नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर तर मशीनच होतं. पण दिवसाकाठी तेवढा तरी तुझा आवाज कानावर पडायचा, आणि एके दिवशी प्रार्थना संपल्यावर तू उठता उठता म्हणालीस, चहा टाकू का. मन लागतं तेव्हा बसायचं, ते तुमचं अध्यात्म असेल. मन लागत नाही तेव्हाही खुर्ची ओढून बसायचं, याला मी धर्म म्हणते. मला याहून जास्त कळत नाही. तुला कळलं असेल तर कळव.

तुझ्या चटईवर, वाटीवर, उशीवर माझा आक्षेप नाही. दिवसभर आध्यात्मिक राहा. फक्त सातच्या पुढची थोडी मिनिटं मला दे, एवढीच माझी लेखी मागणी आहे.

तुझी (अजूनही धार्मिक)
ताई

ता. क. प्रार्थनेशिवाय माझं काही अडलंय असा गैरसमज करून घेऊ नकोस. मी रोज एकटीने म्हणते. लवकर आटोपते, एवढंच.

ता. क. २. लवकर आटोपण्याचं कारण असं, की मला तुझ्या ओळी येत नाहीत. एकही. (तू पुटपुटतेस. मोठ्या मदर तुला सांगून सांगून थकल्या होत्या.) दादाला फोन करून विचारलं, तर म्हणाला, मला फक्त शेवट आठवतो, कारण तो झाला की जेवायला वाढायचे.

ता. क. ३. माझी पहिली ओळ आहे, "आजचा दिवस पार पडला, आभारी आहे." मग तुझी. मग माझी, "आणि तेवढंच मलाही दे, जास्त नको." मधे रिकामं राहतं म्हणून मी गुरुवारी तुझ्या जागी स्वतःच एक ओळ घातली, "धाकटीला थोडं शहाणपण दे." लगेच माझी ओळ आली, आणि ती म्हणावीच लागली. शनिवारी घातली, "मंदस्मितांना सपाटून पडसं दे." कालपासून मला शिंका येताहेत.

ता. क. ४. म्हणजे इतकी वर्षं मी दररोज देवाकडे "तेवढंच मलाही दे" म्हणून मागत आले, आणि नेमकं काय मागत होते ते फक्त तुला ठाऊक आहे. तरी ती ओळ काय आहे, हे उद्या सायंकाळी सात वाजायच्या आत लेखी कळवावं. सबब चालणार नाही. कागद घेऊन तू स्वतः यावंस आणि तो मोठ्याने वाचून दाखवावास, कारण तुझं अक्षर आजवर कुणालाही लागलेलं नाही.