बन्सीधरची सहावी पायरी

८ नोव्हेंबर १९९३
पुन्हा वीज गेली, पुन्हा ऑफिसची तिन्ही कॉम्प्युटर मशीन बंद! परभणीचं मी चालू केलं, सेलूचं तिथल्या ऑपरेटर बन्सीधरनं, चुडाव्याच्या गोदामातलं तिथल्या कुसुमबाईनं. तिन्हीकडं मशीन चालवणारी प्रणाली एकच, युनिक्स — पण कंपन्या तीन, म्हणून चालू करायच्या तऱ्हाही तीन. आधी नोंदी, मग फोनची लाइन, शेवटी छपाई... हा क्रम इथं एका फाइलीत, तिथं बारा फाइलींत, सेलूला तर बन्सीधरच्या डोक्यात! मी एकच पद्धत लिहिणार. तिन्हीकडं चालणारी. वीज आली की आपोआप सुरू.

९ नोव्हेंबर
दिनकरराव साहेब हसले. "सत्यशीलाबाई, कंपनीच्या इंजिनियरांना जमलं नाही ते तुम्हाला जमणार?" हो, मलाच!

२ डिसेंबर
परभणी झालं, चुडावा झालं. कुसुमबाई टाळ्या वाजवत होती.

१३ डिसेंबर
सेलू. बन्सीधर क्रम सांगेना. "लिहून दिल्यावर मला कोन विचारतंय, ताई?" मीही हट्टाला पेटले. दुपारभर मशीनमधल्या फाइली चाळून शोधून काढला. पाच पायऱ्या सरळ. सहावी काहीच करत नाही! बन्सीधरनं आपलं नाव टाकेपर्यंत नुसती अडून बसते, मग छपाई सोडते. सात वर्षं रोजंदारीवर आहे बिचारा, म्हणून ही सोय करून ठेवलेली. "काढा मंग," म्हणाला. मान वर केली नाही. मी काढली. कामात असली लबाडी कशाला?

१७ जानेवारी १९९४
विद्यापीठाचं नामांतर झालं! आईनं गल्लीभर पेढे वाटले. गाड्या बंद, म्हणून तीन दिवस कुणीच कामावर नाही. मधे वीज दोनदा जाऊन आली. आज बघते तर तिन्ही मशीन सुरू! नाचावंसं वाटलं. साहेबही खूष — जरा जास्तच. "बघा, माणूस लागतच नाही."

१९ जानेवारी
आदेश निघाला. एक तारखेपासून दोन्ही रोजंदारी ऑपरेटर बंद — बन्सीधर आणि कुसुमबाई. कारण काय लिहिलंय? माझी पद्धत! साहेबांशी कडाडून भांडले. "तुम्ही कायम आहात, तुमचं काय जातंय?" म्हणे! अंगाची लाही लाही झाली. मी हे माणसं काढायला लिहिलं नव्हतं.

२४ जानेवारी
सहावी पायरी आता तिन्हीकडं बसवलीय. एकसारखी. सेलूला बन्सीधरचं नाव लागतं, चुडाव्याला कुसुमबाईचं, परभणीला माझं. काढायचं तर तिघांना एकदम काढा! साहेबांना तसं लेखी कळवलंय, सहीनिशी.