भिंतीपलीकडचा चिकू

११ मे, रविवार
माकडाने गच्चीवरून दिशाचा बोन्साय पाडला. चिकूची एक बाजू पार सोलून निघाली. पोरीने सहा वर्षं जपलेलं झाड. ती पुण्यात नोकरीला, येणार थेट गणपतीत. तोवर तिला कळवायचं नाही असं ठरवलं. बायकोने तासाभरात कळवलं. घरभेदी!
दिशा फोनवर म्हणाली, पप्पा, तुम्ही काही करू नका, मी आल्यावर बघते. म्हणजे बापावर विश्वास नाही. आता गणपतीला आधीपेक्षा देखणं झाड तिच्या हातात देणार. ठरलं.

१३ मे
नवी कुंडी. प्रूनिंग केलं. दोन फांद्या जिवंत होत्या, पण एक फार जाड, बॅलन्स जात होता. उडवली. तेजश्री म्हणाली, माकडाने ठेवलेली तुम्ही तोडलीत. बायकोच असं बोलते, मग जगाला काय बोलणार?

८ जून, रविवार
एका फांदीवर झाड उघडंबोडकं दिसतं. उपाय सापडला. भेट कलम. शेजारच्या कुशाबाच्या चिकूची डहाळी आमच्या भिंतीवर वाकलेलीच आहे. कुंडी भिंतीवर चढवली, आमची फांदी आणि त्याची डहाळी थोडी थोडी तासून एकमेकींना बांधली. अडीच महिन्यांत एकजीव होतील, मग डहाळी त्याच्या झाडापासून तोडून घ्यायची.
कुशाबा म्हणाला, "कापशील तवा मला हाक मार रे, एकट्यानं करू नको." याला क्रेडिट हवंय. एमआयडीसीत माझ्या हाताखाली वीस माणसं आहेत म्हणावं.

२ जुलै
छत्री धरून पाहणी. जोड घट्ट होतोय बहुतेक. गाठ सारखी सोडून बघायची नसते म्हणे. मी फक्त सकाळी बघतो. आणि कंपनीतून आल्यावर.

१७ ऑगस्ट, रविवार
कापलं. कुशाबाला हाक मारली नाही.
जोडाच्या खाली कापायचं, एवढं पाठ होतं. कुंडी उचलली तर नुसतं खोड हातात आलं. आमची फांदी कुशाबाच्या झाडाला लटकलेली, हिरवीगार. आमच्याच अंगाला कात्री चालली. यात माझी चूक नाही. जोडाला दोन बाजू, आणि दोन्ही खालीच होत्या.

२० ऑगस्ट
खोडाला कोंब येणार. नखाने साल खरवडून पाहिली, आत तपकिरी. दुसरीकडे खरवडली. आता खरवडायला जागा उरली नाही.
पलीकडे आमच्या फांदीला नवी पालवी. पावसात मी भिजलो आणि पालवी कुशाबाच्या घरी! झाडसुद्धा फितूर.

२६ ऑगस्ट
दिशा आली. मी सगळं समजावलं. माकड, हवामान, कुशाबाची डहाळी. तिने खोडावरून बोट फिरवलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. चप्पल घालून शेजारी गेली.
आमच्या त्या फांदीची थोडी साल काढली, ओलं शेवाळ लावून वर प्लास्टिक गुंडाळलं. तिथे मुळं फुटली की फांदी उतरवून कुंडीत लावायची म्हणे. तोवर लक्ष ठेवा, असं कुशाबाला सांगत होती. काका काका करत.
मी इकडे स्टुलावर उभा. तिला दिसत होतो. शेवटी तिने भिंतीवरून हात पुढे केला आणि सुतळी मागितली.
दिली.