सत्तरीच्या डोळ्यांचा शेरा

सोमवार, ३ मार्च

एका वाचकाच्या पत्रामुळे ही वही काढावी लागली. जे लेखात लिहिता येत नाही आणि घरात बोलवत नाही, ते कुठेतरी उतरवायलाच हवं.

पत्र पाच ओळींचं. माझं परीक्षण वाचून त्याने आईसाठी स्वस्तातला घरगुती लॅपटॉप घेतला. मी लिहिलं होतं – 'सत्तरीच्या डोळ्यांनाही स्क्रीन सहज वाचता येते.' त्याच्या आईला एक अक्षर लागत नाही. आपलेच डोळे गेले म्हणून ती रडते. शेवटची ओळ – 'बाई, हे सत्तरीचे डोळे कुणाचे?'

वन्संचे. हे गेल्यापासून घरात मी आणि माझी ही नणंद, दोघीच. दोन वर्षांत बारा लॅपटॉप झाले. प्रोसेसर, बॅटरी, पंख्याची घरघर मी बघते. हौशी मंडळींना तेवढंच हवं असतं. पण साध्या माणसाला वाचता येईल का, हे वन्सं ठरवतात. खिडकीशी खुर्ची, हातभर अंतर, आणि दर वेळी तोच मजकूर – औषधाच्या खोक्यातलं माहितीपत्रक, बारीक अक्षरात. मजकूर बदलला तर तुलना कशाशी करायची? नियम माझा.

बुधवार, ५ मार्च

संपादकांकडून तोच लॅपटॉप पुन्हा मागवला. आज आला. स्क्रीन मला फिकट वाटली. पहिल्या वेळीही वाटली होती! तेव्हा म्हटलं, वन्सं घडाघडा वाचतायत, म्हणजे माझ्याच चष्म्याचा दोष.

वन्संना बसवलं. "जेवणानंतर एक गोळी, भरपूर पाण्याबरोबर…" सुरू झाल्या. तेवढ्यात फोन वाजला म्हणून मी आत गेले. परत आले तर स्क्रीन विझलेली. दोन मिनिटं कुणी हात लावला नाही की ती विझते, बॅटरी वाचवायला.

समोर काळं कुळकुळीत. आणि वन्सं वाचत होत्या. "…गोळी चावू नये. चक्कर आल्यास वाहन चालवू नये…"

मी दारातच थांबले. पान संपलं.

"छान आहे गं वहिनी," त्या म्हणाल्या. "मागच्यापेक्षा ठळक."

मी म्हटलं, हो.

गुरुवार, ६ मार्च

भाजीत मीठ दोनदा पडलं. वन्सं निमूट जेवल्या.

शनिवार, ८ मार्च

आज लबाडी केली. न सांगता दुसरं पान लावलं, कपडे धुण्याच्या यंत्राचं. वन्सं खुर्चीत सावरून बसल्या. "जेवणानंतर एक गोळी…"

मी झाकण मिटलं. "वन्सं, हे गोळीचं पान नाही."

त्या पदराचं टोक चाळवत बसल्या. मग सगळं सांगितलं. दीड वर्षापासून समोरचं पुसट होत गेलं, आता नुसता डाग. कडेचं दिसतं, म्हणून घरात कुठे धडपडत नाहीत. पान सहाव्या लॅपटॉपापर्यंत पाठ झालं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेली बाई – तिला एक पान म्हणजे काय!

"तुझ्या तोंडाच्या जागीही डागच आहे," म्हणाल्या. "बरंय एका परीने. रागावलेली दिसत नाहीस."

मी रागावलेच होते. फाडफाड बोलले. दीड वर्ष! डॉक्टर नाही, काही नाही!

"तुला डोळे हवे होते गं. तेच नाहीत म्हटल्यावर मी कशाला हवी होते?"

पंख्याची घरघर ऐकून कोणतं यंत्र तापतंय ते मी सांगते. समोर बसलेलं माणूस मला दिसलं नाही.

मंगळवार, ११ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. डोळ्याच्या आतला पडदा मधोमध खराब झालाय. डावा गेला. उजव्यात थोडं उरलंय ते टिकवायचं, महिन्याला एक इंजेक्शन. "आधी का नाही आणलंत?" त्यांनी विचारलं, ते मला. वन्सं मध्येच म्हणाल्या, हिला मी कळू दिलं नाही.

जिना उतरताना त्यांनी माझं कोपर धरलं. आजवर कधी धरलं नव्हतं. मी एकेक पायरी मोजून सांगत होते. "मला मोजता येतं," म्हणाल्या. हात मात्र सोडला नाही.

शुक्रवार, १४ मार्च

खुलासा लिहायचा तर खरं लिहावं लागणार. खरं लिहिलं तर वन्संची शोभा. लोक म्हणतील, आंधळीला बसवून परीक्षणं केली. म्हणून 'तांत्रिक चुकीमुळे' असं लिहिलं आणि त्या वाचकाच्या पत्रासकट त्यांना वाचून दाखवलं.

"ही तांत्रिक चूक कोण? मीच ना?"

मी कागद दुमडला.

"हे तू लिहिलेलं वाटत नाही," म्हणाल्या. "आणि तिकडे ती माउली रडत बसलीय. तिला कळू दे, तिचे डोळे धड आहेत. स्क्रीनच वाईट आहे. हे मीच सांगायला हवं. बस, घे लिहून."

रविवार, १६ मार्च

दोन दिवस त्या सांगतायत, मी टाइप करतेय. एक वाक्य मी गुपचूप मऊ केलं. वाचून दाखवताना पकडलं. "माझं होतं तसं घाल."

घातलं.

सोमवार, १७ मार्च

संपादकांच्या शिपायाकडे सुपूर्द केलं ते – लॅपटॉप, चार्जर, खोका. सहाव्यापासूनच्या सात परीक्षणांची यादी, स्क्रीनचा शेरा रद्द. त्या आईच्या नावे दोन ओळींचं पत्र, अक्षरं बोटाएवढी मोठी. आणि खुलासा, एक पान, वन्संच्या नावाने. सही त्यांनी स्वतः केली. रेघ सोडून वर चढत गेली, शेवटचं अक्षर मजकुरावर आलं.

मी दुसरा कागद पुढे केला नाही.