कूलरचा चौथा पेच

१२ मार्च
होळी झाली अन् गल्लीतल्या सगळ्यायचे कूलर अंगणात आले. आमचाच छतावर ताडपत्रीखाली पडून आहे. दरवर्षी हे त्याले उतरवत, पाइप लावून धूत, मले हात लावू देत नसत. यंदा हे खाटेवर. दिवाळीनंतर झटका आला, उजवी बाजू गेली. पाय परत आला, काठी घेऊन मोरीपर्यंत जातात. हात नाई आला. बोलणं तुटक, तेही मनात आलं तं.

व्यायाम शिकवणारी पोरगी रबरचा चेंडू देऊन गेली. दाबा, सोडा. हे फक्त सोडतात. चेंडू खाटेखाली जाते, मी वाकून काढते. व्यायाम माहाच होऊन राहिला.

१५ मार्च
मनीषनगरवरून रुचा आली. "आई, एसी घेऊन टाकू ना. काहून त्या कूलरच्या मागं लागली तू?" म्हटलं, बाबांले विचार. पोरीनं विचारलं तं यायनं तोंड भिंतीकडं केलं. कूलर असो, एसी असो, जसं यायचं घरच नाई हे.

जाताना फाटकापाशी हळूच सांगतलं तिनं. डॉक्टर म्हणे, या उन्हाळ्यात हात जेवढा चालवाल तेवढा चालेल, मग तो आखडून जाईल. मले भेव वाटलं. यायले राग नाई, रडू नाई, काहीच नाई. राग तरी आला पाहिजे माणसाले.

एसी नाई. कूलर मीच दुरुस्त करते म्हटलं. अंगणात, यायच्या खिडकीसमोर. पाहू द्या, काय वाट लावते मी त्याची.

१९ मार्च
जावयानं कूलर खाली आणून दिला. पाण्याच्या टपाले बुडात भोकं पडली होती, गंजानं. घासला, वाळवला, आतून डांबर लावलं. कोपरापर्यंत काळी झाली. खोबऱ्याचं तेल चोळून चोळून निघालं, नखातलं नाईच निघालं.

हे खिडकीतून पाहून राहिले होते. मी पाह्यलं की डोळे मिटले. ढोंगी माणूस.

२४ मार्च
कूलरच्या तिन्ही बाजूच्या ताट्यायमध्ये नवं गवत भरलं. जास्त गवत तं जास्त गार, असं माह्यं डोकं. दाबून दाबून भरलं. शेजारच्या मेश्रामताई भिंतीवरून पाहून म्हणे, "अवं बाई, गादी भरून राहिली का? हवा कुठून येईन त्याच्यातून?"

खिडकीतून हूं असा आवाज आला. मेश्रामताईले हो म्हटलं का मले नाव ठेवलं, कोण जाणे. अर्धं गवत काढलं. अंगणभर कचरा.

२ एप्रिल
ऊन आता खरं सुरू झालं. कूलर खिडकीत बसवला, पाणी भरलं, बटन दाबलं. पंप चालला, गवतावरून पाणी उतरलं. पंखा नुसता हूं हूं करे. काडीनं ढकलला तं फिरला. एवढं मले माहीत आहे, इतक्या वर्षांत यायच्या तोंडून ऐकलं आहे. कंडेन्सर गेला.

जुना पिशवीत टाकून सक्करदऱ्याच्या दुकानात गेली. दुकानदार म्हणे, "काकाजी नाई आले?" म्हटलं, घरी आहेत, ते सांगून राहिले अन् मी करून राहिली. खोटं होतं. पण सांगताना बरं वाटलं.

३ एप्रिल
प्लग काढून कंडेन्सर बसवला. रुचा फोनवर म्हणत होती, आधी तारांचा फोटो काढ. म्हटलं, मी का लहान आहे. आता कोणती तार कुठी होती, देवाले ठाऊक. अंदाजानं जोडल्या, चिकटपट्टी लावली, जाळी बसवली.

बटन दाबलं. पंखा असा जोरात फिरला की मी टाळीच वाजवली. समोर उभी राहिली, वारा काही लागेना. उलट पदर जाऊन जाळीले चिकटला. मले वाटलं, गवतच जास्त आहे. पुन्हा ताटी काढाले निघाली तं खाटेवरून आवाज आला, "उल... टा."

मी थांबली. "काय?"

"पंखा. उलटा."

अन् हे हसले. एका बाजूनं हसले, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत. मी घरातली हवा सक्करदऱ्याले वाटून राहिली होती. इतका राग आला. मी घाम गाळला अन् तुम्ही हसून राहिले? मग मीही हसली. मग मोरीत जाऊन रडली.

४ एप्रिल
हे स्वतःहून खुर्चीवर येऊन बसले. डाव्या हातानं दाखवत. "ही. नाई. ही." मी तार काढली, तिकडं लावली. पंखा सरळ. भिंतीवरचं कॅलेंडर उडालं. "हां," म्हणे. जसं सगळं यायनंच केलं.

८ एप्रिल
जाळीले चार पेच. तीन मी कसले. चौथा अन् पेचकस यायच्या उजव्या हातात दिला. म्हटलं, मले दिसून नाई राहिलं, तुम्ही लावा. पेचकस पडला. उचलून दिला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा डाव्या हातानं भिरकावला, थेट दारातून अंगणात. "नको मले."

घाई केली मी. पण राग आला ना यायले.

१० एप्रिल
बोलत नाईत. जेवले. पेचकस खिडकीत ठेवला, चौथा पेच वाटीत. मी काही म्हटलं नाई. माह्यासाठी हे कठीणच.

१३ एप्रिल
उद्या जयंती. विहारातून लोक घरी येतील, रुचा खिरीच्या तयारीले आली. दुपारी लाइट गेली होती. आम्ही दोघी स्वयंपाकघरात, अन् बाहेरच्या खोलीतून बारीक टक टक.

दारातून पाह्यलं. हे कूलरसमोर खुर्चीवर. पेच भोकात बसवलेला. उजव्या हातात पेचकस, त्याच्यावर डावा हात. मग डावा काढून घेतला. उजवा एकटा. कपाळावर घाम. पेचकस जरासा फिरला. अर्धा वेढाही नसेल.

मी गेली जवळ. "लावून देऊ?"

"राहू दे. उद्या."

संध्याकाळी लाइट आली, कूलर लावला. जाळी खडखड वाजाले लागली. रुचा पेचकस घेऊन उठली, "आई, एक पेच ढिला आहे, कसून टाकते."

तिच्या हातातून घेतला अन् यायच्या उशीखाली ठेवला. म्हटलं, वाजू दे.

वाजूनच राहिली आहे.