कुत्र्यासकट चालेल अशी जागा

ती. आत्यांना,
राजनंदिनी समुद्रकाठावरून पाया पडते.

आम्ही गुहागरजवळ सुखरूप पोचलो. सुरूच्या झाडांत तंबू आहेत, जेवण घरगुती आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? ऐन दिवाळीत तुम्हाला कुंडलला एकटं सोडून आलो, त्यामुळे घास गोड लागत नाही.

फोनवर बोलताना हे जवळच असतात, म्हणून लिहिते. निघायच्या आधी यांनी किनाऱ्यावरच्या कितीतरी तंबूवाल्यांना फोन लावले. "आमचं कुत्रं फटाक्याला लय भितंय. तुमच्याकडं वाजवत न्हाईत न्हवं?" एवढंच विचारायचे. या एकानेच शब्द दिला.

तरी काल लक्ष्मीपूजनाला पलीकडच्या वाडीत कुणीतरी मोठी माळ लावली. आपला भुऱ्या पाय पसरून घोरत होता. आत्या, त्याला आता ऐकूच येत नाही, हे मला तेव्हा कळलं. हे मात्र खाटेखाली शिरले होते. बाहेर आले तेव्हा सदरा घामानं भिजला होता. मी हात धरला, तर म्हणाले, "आईला सांगू नगंस. ती म्हणंल, फौजेत एवढी वर्षं काढून पोरगं भित्रं निघालं."

तुम्ही तसं म्हणणार नाही, हे मला माहीत आहे. परत आल्यावर मिरजेच्या डॉक्टरांकडे जायला तुम्हीच त्यांना तयार करा, माझं ते ऐकत नाहीत. तोवर गल्लीत कुणी विचारलं, तर कुत्र्यासाठी गेलेत म्हणून सांगा.

तुमची सून,
राजनंदिनी