शांतवनने प्याला घेऊ नये म्हणून

मी, सुगंधा याकोब पाटोळे, वय बहात्तर, राहणार कन्हेरी रस्ता, बारामती, धर्माने ख्रिस्ती, धंद्याने शिवणकाम करणारी, पूर्ण शुद्धीवर राहून हे लिहवून घेत आहे. माझ्या अंगात पाणी धरले आहे. डॉक्टरांनी "आता घरी न्या" असे सांगितले, त्याचा अर्थ मला कळतो. डोके मात्र ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने येऊन माझ्याशी भांडून पाहावे. कोणाच्या दडपणाखाली मी हे करीत नाही. दडपण आहे ते उद्याच्या रविवारचे. बोटे सुजली आहेत, म्हणून अक्षर शेजारचे निवृत्त शिक्षक बुद्धघोष कांबळे यांचे आहे, शब्द माझे आहेत.

कलम एक. राहते घर, मागची मोरी आणि लिंबाच्या झाडासह, माझ्यामागे माझी सून रेश्मा शांतवन पाटोळे हिच्या मालकीचे होईल. हे घर मी आणि माझे यजमान याकोब यांनी बांधले आणि ते माझ्या नावावर आहे. पोटचा मुलगा असताना सुनेला का, असे लोक विचारतील. शांतवन दारू पीत होता तेव्हा त्याने घरातली भांडीसुद्धा विकली. तेव्हा रेश्मा मुलगी सलोमी हिला घेऊन माहेरी इंदापूरला गेली. तिने योग्यच केले. मीच तिला एसटीत बसवून दिले होते. "तिने नवऱ्याकडे परत यावे" अशी अट मी या कलमात घालणार होते, गुरुजींनी ती लिहिलीही होती. मग मी ती खोडायला लावली. अट घालून माणूस परत आणायचा तर माझ्यात आणि अट घालून बसलेल्या माझ्या व्याह्यांत, रेश्माच्या वडिलांत, फरक काय राहिला? घर दिले म्हणजे दिले.

कलम दोन. हे कलम कशाचीही वाटणी करीत नाही, पण हे समजल्याशिवाय पुढचे समजणार नाही. शांतवनने मागच्या उन्हाळ्यापासून दारू सोडली आहे. व्यसनमुक्ती केंद्रातून आणताना डॉक्टरांनी मला बजावले होते, "मावशी, औषधातूनसुद्धा थेंब जाऊ देऊ नका. याला एक घोट पुरे आहे." तेव्हापासून तो गॅरेजात काम करतो, संध्याकाळी घरी येतो आणि माझे पाय चेपतो. पिणाऱ्याचा वास मी ओळखते. तो येत नाही.

आता मंडळीबद्दल, म्हणजे आमच्या चर्चबद्दल. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते, प्रभूच्या आठवणीत सगळे भाकरीचा तुकडा आणि घोटभर रस घेतात. त्याचा रस वर्षानुवर्षे मी करीत आले. काळ्या मनुका भिजवायच्या, उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या. आमच्या सासऱ्यांच्या पिढीने दारूला शिवणार नाही अशी शपथ घेतली होती, म्हणून देवाच्या मेजावरही मादक काही नसे. नवे पाळकसाहेब आले आणि त्यांनी खरा द्राक्षारस सुरू केला. त्यांचे म्हणणे, प्रभूने काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला होता, सरबत केले नव्हते. ते खोटे बोलत नाहीत. बायबलात पौलाने आपल्या शिष्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, तेही मला पाठ आहे. घोटभर घेऊन ज्याचे काही बिघडत नाही त्याला मी पापी म्हणणार नाही. पण भाऊ ज्याने ठेचकाळतो ते न पिणे बरे, हेही पौलानेच सांगितले आहे, आणि ते पाळकसाहेबांच्या उपदेशात कधी येत नाही. मी रसाची बाटली पाठवली, निदान माझ्या लेकासाठी वेगळी प्याली भरा म्हणून. ती परत आली. एका मंडळीत दोन प्याले चालत नाहीत, असा निरोप होता. विश्वास असला की प्रभूचा प्याला कोणाला बाधत नाही, असेही पाळकसाहेब म्हणाले. त्यांच्या घरात दारुडा जन्मला नाही, म्हणून हे बोलणे सुचते.

मग शांतवन प्रभुभोजनाच्या आधी उठून बाहेर जाऊ लागला. आणि तिथेच घात झाला. आमच्यात जुनी रीत अशी की, जो आठवड्यात प्यायला असेल तो अपात्रपणे प्याल्याला हात लावायला भितो आणि आधीच बाहेर निघून जातो. त्यावरून सगळे ओळखतात. माझा मुलगा न पिण्यासाठी बाहेर जातो, आणि त्यावरूनच मंडळी म्हणते, शांतवन पुन्हा पितो.

कलम तीन. माझे व्याही सावळाराम उबाळे यांना मी काहीही देत नाही. माणूस वाईट नाही, लेकीच्या काळजीने कडू झाला आहे. गेल्या आठवड्यात ते या खाटेशेजारी बसून म्हणाले, "सगळ्यांम्होरं प्याला घेऊ द्या त्याला. हात कापला न्हाय, तर त्याच दिवशी रेश्मा आन् सलोमीला धाडतो."

मी म्हणाले, "अवो, त्यात दारू हाय. त्येच्यासाठी ती दारूच हाय."

"बोटभर प्याली ती, विहीणबाई. ती सोसत न्हाय म्हंजी मुरलेलाच हाय की तो!"

ते गेल्यावर शांतवन माझे पाय चेपायला बसला. मग म्हणाला, "आई, येत्या रविवारी घेतो मी. एकदाच घ्यायचं हाय. पोरगी मला इसरायला लागली."

मी रडले, शिव्या दिल्या, पाया पडते म्हणाले. तो ऐकत नाही. देवा, दारू सोडली हे दाखवायला माझ्या लेकराला दारू प्यावी लागते आहे, आणि मला खाटेवरून उठता येत नाही!

कलम चार. शिलाई मशीन नात सलोमीला. बँकेत जे काही असेल ते तिच्या शिक्षणाला, माझ्या दफनाचा खर्च वजा करून. पेटी साधीच आणावी. मनुका उकळायचे पातेले शेजारीण कौसल्या जगताप हिला. तिने त्यात खुशाल मटण शिजवावे, मंडळीला ते परत देऊ नये. याकोबची पान्यांची पेटी शांतवनला. ती त्याने दारूच्या दिवसांतही विकली नव्हती.

कलम पाच. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात, हे मला ठाऊक आहे. कायद्याला तेवढा धीर असेल, मला नाही. हे उद्याच, उपासनेत प्रभुभोजनाच्या आधी, सगळ्या मंडळीसमोर वाचावे. उद्या सावळाराम उबाळे इंदापूरहून येतील, रेश्माही येईल. त्यांनी बसून ऐकावे.

शांतवन, बाळा, प्याल्यांचे तबक तुझ्यापाशी आले की पुढच्याच्या हातात दे. बाहेर जाऊ नकोस, बाकावरच बस. लोक बघतील, बघू देत. या कागदात मी सगळे दुसऱ्यांच्या नावे केले, एक गोष्ट तेवढी माझ्या नावे करून घेते. प्रभूचा प्याला नाकारण्यात काही पाप असेल तर ते माझे. न्यायाच्या दिवशी तुला कोणी विचारले तर सांग, आईने नको म्हटले होते. पुढचे मी बघून घेईन. तू जिवंत राहा.

हे मी ऐकून, समजून सही केली आहे.

सुगंधा याकोब पाटोळे
बारामती, शनिवार, १ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार

बुद्धघोष तुकाराम कांबळे, निवृत्त शिक्षक. सुगंधाताईंनी आमच्या समक्ष सही केली. उद्या मी मंडळीत जाऊन हे वाचेन. आत वाचू दिले नाही, तर दारात उभा राहून वाचेन.

कौसल्या बाळासो जगताप, शेजारीण. माझ्यासमोर सही झाली. मी त्यांच्या धर्माची न्हाय, पण उद्या शांतवनच्या शेजारी बाकावर मी बसनार हाय. तबक आलं की मीच फुडं देते.