उष्टी रोटी

१० सप्टेंबर
आले एकदाची सासरी! वख्श नदीच्या कालव्याला लागून घर, अंगणात द्राक्षांचा मांडव, तंदूर ऐसपैस. सासूबाईंच्या तोंडात एकही दात नाही, पण जीभ भलतीच तिखट. शहरातली मास्तरीण आणलीस, हिला कणीक तरी तिंबता येते का, असं माझ्यादेखतच लेकाला, दावरोनला विचारलं. मग माझी रोटी चहात बुडवून गुपचूप खाल्ली. दावरोन मिशीत हसत होता. करमेल मला इथे.

२ ऑक्टोबर
देशात आपसातच लढाई पेटलीय. दावरोनला फौजेत नेलं. निघताना सासूबाईंनी रिवाजाप्रमाणे त्याच्यासमोर रोटी धरली. त्यानं एक चावा घेतला, उरलेली त्यांनी भिंतीवर खिळ्याला टांगली. परत येऊन त्यानंच ती संपवायची. तोवर तिला कुणी हात लावायचा नाही.

१९ नोव्हेंबर
ट्रकवाल्याच्या हाती दावरोनची चिठ्ठी आली. विरुद्ध बाजूची फौज खोऱ्यात उतरतेय, आपल्या लोकांना घरात घुसून मारतायत, असशील तशी आईला घेऊन सरहद्दीवरच्या नदीकडे निघ, भांडी-गोधड्या गेल्या खड्ड्यात.

मी लगेच बोचकं बांधलं. तर सासूबाई म्हणतात, रोटी टांगलेली असताना घर सोडलं तर पोरगा परतायचा नाही. मी म्हटलं, रोटीही बरोबर घेऊ. तर माझ्या हातावर लाटणं हाणलं! जीव प्यारा की वाळकी रोटी? डोकं फिरायची वेळ आलीय.

२१ नोव्हेंबर
सकाळी रोटीला दुसरा चावा. दगडासारखी कडक झालेली रोटी, तिच्यावर दातांचे ठसे. मी खाल्लेली नाही. सासूबाईंना दात नाहीत. त्या खूश, पोरगा येऊन गेला म्हणतात. आला होता तर बायकोला तोंड दाखवायला काय झालं होतं मेल्याला?

२२ नोव्हेंबर
रोटी आता अर्धीच. शेजारीपाजारी सगळे गेले. त्या दिवशी ट्रकवाल्याची जीभ रेटली नव्हती, आज जाता जाता सांगून गेला—चिठ्ठी देऊन दावरोन मागे वळला आणि तिथेच गोळी लागून पडला. ट्रकवाल्यानंच त्याला माती दिली.

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी खिळ्याकडे बोट केलं. मग हे कोण खातंय, म्हणाल्या.

कळलं मला. तो संपवतोय. आईचा पाय निघावा म्हणून.

२३ नोव्हेंबर
खिळा रिकामा. मी ओरडले, आला, खाल्ली, झालं ना? आता तरी चला! बाईनं चूल पेटवली. पोरगा घरी आलाय, पुलाव नको का म्हणे! मेलेल्या पोराचे कष्ट पाण्यात घालायला निघालीय ही बाई—

दुपार
कालव्यावर त्या फौजेच्या गाड्या. मागची खिडकी उघडून ठेवलीय. दारावर लाथा—

कडी तुटून पडली. तरी दार उघडत नाही. आतून कुणीतरी रेटून धरलंय. उंबऱ्याशी ओली माती. दिसत कुणीच नाही.

सासूबाईंचा दंड माझ्या मुठीत. एकदा त्याचं तोंड बघू दे म्हणतात. हलत नाहीत—

फळी तडकली. अहो आई, उठा! तो कुणासाठी दार धरून— त्याला आता फार वेळ—